आवाज बसला त्या संध्याकाळी

प्रज्ञाच्या घटक चाचणीचे गुण कळले आणि माझी रोजची बुद्धवंदनासुद्धा नुसती ओठांवर राहिली. मुलगी आठवीत, आणि मराठीतही जेमतेम. बाई म्हणाल्या, तिला कशातच गोडी वाटत नाही. घरी येऊन मी चिडून बोलून गेले, "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा." ती रडली नाही की भांडली नाही. भिंतीपलीकडच्या कापडाच्या लूमची खडखड ऐकत बसली आणि हळूच म्हणाली, "मम्मी, मला शाळेतच नाय जायचं." तेव्हा मात्र मला भीती वाटली.

वर्षावास चालू होता. पावसाळ्याच्या या महिन्यांत आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होते. ज्या घराची पाळी, त्याने वाचायचे आणि खीर आणायची. आमची पाळी आली त्याच दिवशी माझा घसा बसला. हे गोदामात ड्युटीवर. वाचन पुढे ढकला, असे खुणेने सांगायचे ठरवून आम्ही मायलेकी खिरीचे पातेले घेऊन गेलो. पण पुढे एक अनोळखी आजी बसल्या होत्या, पांढऱ्या लुगड्यातल्या, पडघ्याकडून लेकीकडे आलेल्या. त्या म्हणाल्या, "पोर हाय ना संगं? मंग ती वाचंल." लेकीला धड वाचता येत नाही, हे आता सगळ्या वस्तीला कळणार होते.

बाहेर पाऊस लागला होता. आत मेणबत्त्या, उदबत्तीचा धूर आणि डोळे मिटून बसलेली माणसे. प्रज्ञा वाचू लागली आणि दुसऱ्याच ओळीत 'प्रतीत्यसमुत्पाद' या अवघड शब्दापाशी अडली. घरी ती अडली की शब्द मीच पुरा करते. सवयीने तोंड उघडले, पण नुसती हवा आली. कुणीच सांगेना. आजी डोळे न उघडता म्हणाल्या, "वाच सावकास. आमाला कुठं जायाचं न्हाय."

मग सगळे दूर गेल्यासारखे झाले. लूमची खडखड पावसात विरघळली, मी पाण्याखाली बसल्यासारखी बसून होते. किती वेळ गेला कोण जाणे. "प्रती... त्य... समु... त्पाद," ती म्हणाली. मग कुणी न सांगता तिने तो शब्द पुन्हा, सलग म्हटला आणि पान संपेपर्यंत थांबली नाही. सगळ्यांनी 'साधु, साधु' म्हणत साधुकार दिला. माझे डोळे वाहत होते.

खीर वाटून झाल्यावर आजींच्या पाया पडायला गेले, तर त्या निघून गेल्या होत्या. पुन्हा कधी दिसल्या नाहीत. माझा घसा नेमका त्याच दिवशी का बसला, हे मी कुणाला विचारत नाही. मनातल्या मनात हात जोडते. इतकी वर्षे रोज 'सरणं गच्छामि' म्हणत आले, पण लेकीची वाट मीच चालून टाकत होते.

प्रज्ञाचे गुण अजून बेताचेच आहेत. शाळेत मात्र जाते. परवा धडा मोठ्याने वाचताना अडली आणि सवयीने माझ्याकडे पाहू लागली. घसा केव्हाच मोकळा झाला होता. मी लसूण सोलत राहिले. थोड्या वेळाने तिचा आवाज पुढे गेला.