कुसुमबाईंचा हत्ती

कुसुमबाई ढोले पहिल्यांदा माझ्या घरी हळदीकुंकवाला आल्या, आणि दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून ठेवलेला दगड उचलून त्यांनी चक्क जिभेला लावला. मी तिळगुळाची ताटली हातात धरून उभीच! चंडीगढजवळच्या चंडीमंदिर छावणीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये जमलेल्या मराठी बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बाईंना त्याचं काही नव्हतं. "चिकटली," त्या म्हणाल्या. "हाड आहे हे. दगडाले जीभ चिकटत नाही, अशा जुन्या हाडाले चिकटते. पाणघोड्याचं दिसते मले. अन् तू त्यानं दार अडवून राहिली होय गं?"

आमच्या ह्यांच्या हाताखालच्या कुणा जवानानं तो ओढ्यातून आणून दिला होता. मी त्यावरून रोज फडकं फिरवत होते. या शिवालिकच्या टेकड्यांत पाणघोडे होते म्हटल्यावर मला हसूच फुटलं. "हसतेस काय? पाणघोडे होते, हत्ती होते, जिराफाचे भाऊबंद होते. फार जुनं नाही बाप्पा, वीसेक लाख वर्षांमागचं. कालपरवाचंच म्हण ना."

बाई विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकवायच्या. मूळच्या वाशीमकडच्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि पर्समध्ये कंगव्याशेजारी हातोडी. आम्ही फौजी बायका दोन-तीन वर्षांसाठी चंडीगढला यायचो आणि कुणाची बदली कुठे झाली एवढंच बोलत बसायचो. त्यांच्याशी बोलताना मात्र गप्पा एकदम साडेचारशे कोटी वर्षं मागे जायच्या. पृथ्वी नवी होती तेव्हा तिच्यावर दुसरा एक गोळा आदळला आणि उडालेल्या मालमसाल्याचा चंद्र झाला, हे मला त्यांनी भेंडी चिरता चिरता सांगितलं. एकदा ओट्यावर कणकेचे दोन गोळे समोरासमोर ढकलले आणि मध्ये उचलली गेलेली घडी दाखवली. "हा हिमालय. इथं समुद्र होता, तो गेला. ढकलणं अजून चालूच आहे. आपली नखं वाढतात ना, साधारण त्याच वेगानं भारत उत्तरेले सरकून राहिला."

"म्हणजे सातारा रोज इकडेच येतोय की! मग मला माहेरी पोचायला दोन-दोन दिवस का लागतात?" मी म्हटलं. बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. हसणं थांबल्यावर हळूच म्हणाल्या, "आमच्याकडं नुसता काळा दगड. लाव्हा. सगळं झाकून टाकलं त्यानं. लहानपणी विहीर खणताना मी काठावर बसून राहायची, एखादं हाडूक तरी निघते का म्हणून. मायनं किती हाका मारल्या तरी उठायची नाही. निघायचं काय, तर पाणी अन् गारगोट्या."

म्हणून त्या इथं आल्या होत्या, आणि इथंच राहिल्या. निवृत्त व्हायच्या आधी एक अख्खा, धड जबडा स्वतःच्या हातानं काढून विभागाच्या काचेच्या कपाटात ठेवायचा, एवढंच त्यांना हवं होतं. तुकडे कितीतरी मिळाले होते. जबडा मिळाला तो एका हिवाळ्यात, आणि नशिबानं मी सोबत होते. विद्यापीठाची जीप, चालवायला गुरमेलसिंग. पिंजोरच्या पुढे गुरमेलला जीपपाशी ठेवून एका कोरड्या ओढ्यात आम्ही दोघी चालत होतो. काठाच्या पिवळ्या मातीतून काहीतरी तपकिरी डोकावत होतं. बाई गुडघ्यांवर बसल्या आणि दुपारभर ब्रशनं माती झाडत राहिल्या. मग मला जवळ ओढून म्हणाल्या, "पाह्य. हत्ती. त्याच्या दाढा पाह्य!" मला तर रडूच आलं, का ते देव जाणे.

मातीतल्या ओलीनं भुसभुशीत झालेला तो जबडा तसाच उचलला असता तर हातातच भुगा झाला असता. बाईंनी वर ओला कागद लावला, पोत्याच्या पट्ट्या प्लास्टरमध्ये भिजवून त्यावर गुंडाळल्या आणि घट्ट बसावं म्हणून तार आवळली. मोडलेल्या पायाला घालतात तसंच प्लास्टर ते. प्लास्टरआधी फोटो काढायचा होता, तर कॅमेऱ्यातला रोल संपलेला; आणि आता तो गोळा इतका जड झाला की उचलायला चार माणसं लागली असती. "पुढच्या खेपेले विद्यार्थी घेऊन येऊ, तेव्हा नेऊ," म्हणत आम्ही वर माती लोटली आणि निघालो.

पुढची खेप झालीच नाही. पंजाबातल्या अतिरेक्यांचे दिवस होते ते. बसमधून उतरवून माणसं मारली जात होती, कर्फ्यू लागत होता, दिवेलागणीला रस्ते ओस पडत होते. विद्यापीठानं सहली बंद केल्या. बाईंनी अर्जांवर अर्ज केले. मी ह्यांच्या मागे लागले, तर हे म्हणाले, "हाडं उकरायला जीप मागू? डोकं ठिकाणावर आहे ना?" बाई रविवारी आमच्याकडे आल्या की चहा घेऊन गच्चीत जायच्या आणि डोंगराकडे तोंड करून बसायच्या. "समोर दिसून राहिला गं. अन् जाता येत नाही." बोलता बोलता कप तसाच गार व्हायचा. निवृत्ती जवळ येत होती. मी काय समजूत घालणार, कपाळ?

मग एक दिवस गुरमेल त्यांच्या विभागात आला. मी तिथंच बसले होते. त्याची बहीण त्या ओढ्याजवळच्या गावात दिलेली होती. पगडी सारखी करत तो मान खाली घालून म्हणाला, "मॅडमजी, ओह ते बम समझ के उडा दित्ता." मातीतून पांढरा गोळा आणि त्याला गुंडाळलेली तार दिसल्यावर म्हशी चारणाऱ्या एकानं पोलिसांना कळवलं होतं. गाव रिकामं केलं आणि लांबून स्फोट करून तो उडवला.

आता मात्र जायला लगेच परवानगी मिळाली! ओढ्याच्या काठाला भला मोठा खड्डा पडला होता. तिथला तरुण पोलीस अधिकारी बाईंपुढे अवघडून उभा होता. "मॅडम, तार दिखी. पीछे पूरा गाँव था जी. मैं क्या करता?"

"ठीक किया बेटा," बाई म्हणाल्या. "पक्का ठीक किया. मैं होती तो मैं भी यही करती." आणि पाठ फिरवून त्या मातीत बसल्या. हाताला लागले ते चुरा झालेले तुकडे, तेही पदरात वेचू लागल्या. मला राहवेना. मी म्हटलं, "बाई, तुम्हीच सांगता ना, पृथ्वीच्या हिशेबात एवढंतेवढं काहीच नसतं..."

"पृथ्वीच्या हिशेबानं मले रडू येत नाही ना पण," त्या एकदम ओरडल्या. मग मीही शेजारी बसून तुकडे वेचू लागले. तो पोरगा अधिकारीही टोपी काढून जरा दूर बसला. त्यानं घाई केली नाही.

त्याच वर्षी बाई निवृत्त होऊन वाशीमला गेल्या. स्टेशनवर मी डब्यात पुरणपोळ्या दिल्या. गाडी हलायच्या आधी त्यांनी खिडकीतून माझा हात धरला. "तो जबडा कोणीच पाहिला नाही गं. मी अन् तू. मी सांगितलं तर म्हणतील म्हातारी पुड्या सोडून राहिली. तू सांगत जा लोकांले."

बाई वाशीमलाच वारल्या, त्याला आता बरीच वर्षं झाली. मला त्यांची आठवण येते, अजून. म्हणून सांगते. खालचा जबडा होता. रंग काळपट तपकिरी, ओल्या गुळासारखा. डावीकडची दाढ शाबूत, तिच्यावर ओळीनं उभे कंगोरे, आणि पुढचे दोन झिजून सपाट झालेले. खूप चारा खाल्लेला, म्हातारा हत्ती असावा, असं बाई म्हणाल्या होत्या. वीस लाख वर्षांत तो आम्ही दोघींनीच पाहिला. आता मी एकटीच उरले आहे.