खाणीच्या वाटेवरची पांढरी साडी
वाण्याच्या दुकानात निळीची बाटली दिसली की मला डिचोलीतला शनिवारचा गणवेश आठवतो. त्या दिवशी पांढरे कपडे सक्तीचे असत, आणि खाणीच्या रस्त्याने चालत येणाऱ्या आम्हा मुलींवर खनिजाचे ट्रक तांबडी धूळ उडवून जात. तपासणीत आम्हांला वेगळ्या रांगेत उभे करत. “खाण आली गो, खाण!” बाकीच्या मुली हसत. गोवा राज्य झाले त्या वर्षी मी नववीत होते, आणि सोमवारपासून शाळेत जाणार नाही, असे मी घरी सांगून टाकले होते. त्या शनिवारी मात्र रोज बसने येणाऱ्या विज्ञानाच्या बाई पांढरी साडी नेसून आमच्याबरोबर चालत आल्या आणि सरळ आमच्या रांगेत उभ्या राहिल्या. “तुमी हांगा कित्याक, बाई?” त्या इथे का, म्हणून मुख्याध्यापिकांनी दचकून विचारले. “त्याच वाटेने आले. साडी सकाळी धुतलेलीच होती.” मुख्याध्यापिका त्यांच्या तांबूस पदराकडे पाहत राहिल्या, मग हलकेच म्हणाल्या, “चला, वर्गांत वचात सगळ्यो.” सोमवारी मी शाळेत गेले. धैर्य कसे निर्माण होते, याची उपपत्ती मला आजही मांडता येत नाही. त्या रांगेत माझा खांदा बाईंच्या खांद्याला लागला होता, एवढे निरीक्षण मात्र मी खात्रीने नोंदवू शकते.