पक्कडबाईचे हात

दाताच्या दवाखान्यात मुलं डॉक्टरांना बघून रडतात, असा आपला समज असतो. या दवाखान्यात ती रडायची मदतनीस बाईला बघून. एकोणतीस वर्षं तिचं काम एकच होतं. खुर्चीच्या डाव्या अंगाला उभं राहायचं, एका हाताने पोराची दोन्ही मनगटं आवळायची, दुसऱ्या हाताने गुडघे दाबायचे आणि डॉक्टर "झालं" म्हणेपर्यंत सोडायचं नाही. थोरले डॉक्टर आल्यागेल्याला कौतुकाने सांगायचे, "माझ्याकडे दोन पकडी आहेत. एक ट्रेमध्ये असते, दुसरी डबा घेऊन कामाला येते." तेव्हापासून ती पक्कडबाई झाली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरंच वाटलं, कारण कौतुकाची तिला जन्मात कधी सवय नव्हती.

बाजारात एखादं पोर तिला बघून आईच्या मागे लपलं, की ती मनाशी म्हणायची, हे आपल्या हाताखालून गेलेलं.

या कामाची तिची एक युक्ती होती. पोराच्या तोंडाकडे बघायचंच नाही. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं. पहिली दोन वर्षं तिच्या पोटात गोळा यायचा. मग तो यायचा बंद झाला, आणि त्याच्याबरोबर बाकीचंही बरंच काही यायचं बंद झालं. नवरा गेला त्या दिवशी शेजारणी रडून बेजार झाल्या आणि ही मोरीत चहाचे कप विसळत बसली. बाई दगडाची आहे, असं लोक म्हणाले. लोकांचं काय जातं म्हणायला! ती दगडाची नव्हती. हात अंगाखाली येऊन सुन्न झाला की चिमटा काढला तरी कळत नाही, तशातली तिची गत झाली होती.

पुढे थोरल्या डॉक्टरांचे हात कापायला लागले आणि त्यांच्या सुनेने खुर्चीचा ताबा घेतला. या धाकट्या डॉक्टर. पहिल्याच दिवशी त्यांनी फर्मान काढलं, "बाई, आजपासून कुणालाही धरायचं नाही."

"मग मी करू काय?"

"बघायचं."

घ्या! एकोणतीस वर्षं जे टाळलं, नेमकं तेच काम नशिबी आलं. जी मुलं भीतीने तोंडच उघडत नाहीत, त्यांना धाकट्या डॉक्टर मंगळवारी बोलवायच्या. त्या दिवशी भूल देणारे डॉक्टर यायचे. मुलाला उपाशीपोटी आणायचं, वजन करायचं, वजनाच्या हिशेबाने गोड पातळ औषध पाजायचं. अर्ध्या तासात पोर सैलावतं. झोपत नाही, हाक मारली की ओ देतं, पण भीती कुठेतरी लांब जाऊन बसते. आणि नंतर त्यातलं फारसं काही त्याला आठवत नाही. पक्कडबाईने बघायचं ते एवढंच, की छाती नीट वरखाली होते ना, ओठांचा रंग बदलत नाही ना, बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा प्राणवायूचा आकडा खाली येत नाही ना. दर पाच मिनिटांनी कागदावर लिहायचं. त्यासाठी तिला मोठ्या इस्पितळात तीन महिने शिकायला पाठवलं होतं. पन्नाशी उलटलेली बाई विशीतल्या पोरींच्या पंक्तीला बसली आणि पास होऊन आली.

तिला एकच लेक. चष्म्याच्या दुकानात कामाला होती. मायलेकींचं वाकडं नव्हतं, पण सूतही कधी जुळलं नव्हतं. लेक सहा वर्षांची असताना तिची दाढ याच खुर्चीत काढली होती आणि तिला धरलं होतं तिच्याच आईने. त्यावर लेकीचा एक प्रश्न होता. तो तिने अठराव्या वर्षी विचारला, लग्न ठरल्यावर विचारला, बाळंतपणाला आली तेव्हाही विचारला.

"आई, तेव्हा मी तुला काहीतरी म्हणाले होते. ऐकू आलं होतं का?"

"अगं, शेकड्याने पोरं धरली मी. कुणाचं काय लक्षात ठेवू?"

दर वेळी हेच उत्तर, आणि दर वेळी लेक मान हलवून दुसऱ्या कामाला लागायची.

आता तिच्या पाच वर्षांच्या मुलाचा गाल सुजला. दोन्हीकडच्या दाढा किडलेल्या, आणि दवाखान्याची पायरी दिसली तरी पोराची दातखीळ बसायची. लेक धाकट्या डॉक्टरांना भेटली. म्हणाली, "औषध देऊन करा. पण आई खोलीत नको."

"त्या नसतील तर मी औषध देणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या जोडीला लक्ष ठेवायला शिकलेलं माणूस आमच्याकडे ते एकच आहे."

लेक उठली. मग बाहेर येऊन आईला म्हणाली, "मीही आत बसणार. आणि तू त्याला हात लावायचा नाहीस."

"नाही लावत."

मंगळवारी पोराने भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हातून औषध घेतलं, तोंड वाकडं केलं, आणि थोड्या वेळाने छताकडे बघत खुदकन हसलं. धाकट्या डॉक्टरांनी हिरडीत सुई दिली तेव्हा त्याने नुसत्या भुवया वर केल्या. पक्कडबाई आकडे लिहीत होती. लेक कोपऱ्यातल्या स्टुलावर पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. सगळं कसं सुरळीत चाललं होतं. मग दाढ कोरायचं मशीन सुरू झालं आणि पोराने उगाच, नाक खाजवायला उचलावा तसा, एक हात उचलला.

जित्याची खोड! काय होतंय हे कळायच्या आत पक्कडबाईने त्याची दोन्ही मनगटं आवळली होती आणि तिची नजर भिंतीवरच्या घड्याळावर गेली होती.

"बाई, हात," धाकट्या डॉक्टर म्हणाल्या.

तिने सोडलं. पोराला पत्ताही नव्हता. मनगटं तिच्या मुठीत मऊ, निवांत पडून होती. कितीतरी पोरं धरली तिने, पण न ओढणारं मनगट तिच्या हाताला पहिल्यांदाच लागलं. तिने चिमट्याचा आकडा बघितला आणि कागदावर लिहिला. कोपऱ्याकडे बघायची तिची छाती झाली नाही.

काम संपल्यावर पोराला बाजूच्या खोलीत नेलं. ते नीट बसेपर्यंत, धड बोलेपर्यंत घरी सोडायचं नाही असा नियम, आणि तोवर पक्कडबाईने तिथून हलायचं नाही हाही नियमच. लेक पलंगाच्या एका बाजूला, ही दुसऱ्या बाजूला.

पोराने डोळे चोळले. "आई, कधी करणार?"

"झालंसुद्धा, राजा."

"खोटं!" असं म्हणून त्याने जिभेने दाढ चाचपली आणि तो पुन्हा उशीवर कलंडला.

"सुटला बिचारा," लेक म्हणाली. मग आईकडे न बघता तिने विचारलं, "आई, खरं सांग. मी काय म्हणाले होते, ते तुला ऐकू आलं होतं?"

नेहमीचं उत्तर जिभेवर तयार होतं. पण तळव्यांत ती दोन मऊ मनगटं अजून होती, आणि त्यांच्या पाठोपाठ दुसरी दोन आली होती, जिवाच्या आकांताने ओढणारी.

"आलं होतं," पक्कडबाई म्हणाली. "'आई, हात सोड, मी आपणहून तोंड उघडते.' असं म्हणाली होतीस. दोनदा."

लेकीने पोराच्या अंगावरची चादर सारखी केली.

"डॉक्टरांनीही ऐकलं. ते थांबले. मला म्हणाले, सोडायचं का? मी म्हटलं, नको, ओढा." तिचा आवाज कागदावरचे आकडे वाचावेत तसा होता. "बाहेर लोक बसले होते. पक्कडबाईला स्वतःची पोरगी आवरत नाही, असं म्हणाले असते."

सांगून झालं. आता रडू येईल म्हणून ती थांबली. ते आलं नाही. आपल्याला लाज वाटते आहे एवढं मात्र तिला स्वच्छ कळलं, आणि ती आजची नव्हती, हेही कळलं.

"मला वाटायचं, माझ्या रडारडीत तुला ऐकूच आलं नसेल," लेक म्हणाली. "इतकी वर्षं मी तसंच धरून चालले होते."

तिने पोराला उठवून बसवलं, त्याच्या पायात बूट घातले. पक्कडबाईने त्याला नाव विचारलं, बोटं मोजायला लावली, शेवटचा आकडा लिहिला आणि सही केली.

"दुसऱ्या बाजूची दाढ पुढच्या मंगळवारी ना?" दारात लेकीने विचारलं.

"हो."

"तेव्हाही तूच?"

"मीच. दुसरं कुणी नाही."

लेकीने तिच्याकडे बघितलं, पहिल्यांदाच नीट.

"तुझ्या कोटाला खिसे आहेत ना? त्यांत ठेव हात," ती म्हणाली, आणि पोराला कडेवर घेऊन जिना उतरली.