आधी गावात वाचा, मग छापू

नव्या लोकांच्या कथा-कविता छापणारं एक छोटंसं मासिक आमच्या जिल्ह्यातून निघतं. वसमतला झेरॉक्सचं दुकान चालवणारे एक जण ते काढतात. सगळे त्यांना सर म्हणतात, ते मात्र शिकवत कुणालाच नाहीत. त्यांचा एक नियम भारी खाष्ट. गोष्ट पसंत पडली तरी लेखकानं ती आधी आपल्याच गावात, चारचौघांत वाचून दाखवायची. मगच छापणार.

मी मोबाइलवर टाइप करून माझी पहिलीच गोष्ट पाठवली. सरांचा फोन आला, "ताई, फक्कड जमलीय. आता तुमच्या गावात, साखऱ्यात वाचा."

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. अहो, गोष्ट सासूवर होती! आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, साखरेच्या डब्यात बोटानं रेघ ओढून ठेवतात. सुनेनं चोरून चमचाभर घेतली की रेघ मोडते. तेच मी गोष्टीत घातलं होतं. ओळखू येऊ नये म्हणून फक्त साखरेचं पीठ केलं आणि रेघेचा पंजा. गोष्टीतली सासू पिठात हाताचा पंजा उमटवून शेतात जाते. काय ती माझी हुशारी!

"सर, वसमतला येऊन वाचते की."

"न्हाई. घरच्यांसमोर वाचवत नसंल, तर आमी छापावी काहून?"

असा राग आला म्हणता! पण आपलं नाव छापून यावं ही हौस लग्नाच्या आधीपासूनची, तिचं काय करणार? नवऱ्याला म्हटलं, तुमच्या आईला वाचनाच्या दिवशी कळमनुरीला मावशीकडं धाडा.

"तीच तर घरोघरी बोलावणं करून राहिली," तो हसत म्हणाला. "माही सून गोष्ट वाचणार हाय म्हणून."

त्या दिवशी दुपारी समाजमंदिरात बाया जमल्या. आत्याबाई अगदी पुढं, ठेवणीतलं लुगडं नेसून. मी मान वर न करता वाचत सुटले. पंजा आला तशी माझी जाऊ फिसकन हसली. झालं, म्हटलं, आता माझं काही खरं नाही. वाचून संपलं तेव्हा आत्याबाई पदरानं डोळे पुसत होत्या.

घरी जाताना त्यांनी मला वाटेत थांबवलं. "माह्या सासूचं तुला कुणी सांगितलं गं? पिठात पंजा तीच उमटवायची. लई डाव उपाशी निजले मी."

इतकी वर्षं ह्या बाईचा राग राग केला, आणि भर रस्त्यात मलाच रडू फुटलं.

"शेवट तेवढा बदल," त्या म्हणाल्या. "मरताना त्या सासूनं सुनेची माफी मागितली, असं लिही. माहीनं न्हाई मागितली."

मी दोन-तीनदा बसले लिहायला. मग सरांना कळवलं, आहे तशीच छापा. माफी मागताना सासू कशी दिसते, ते मी तरी कुठं पाहिलं होतं?