सात नंबरचा पॉडकास्ट

मेरिलिन जेश्के रागीट बाई नव्हती. नऊ वर्षं एकाच ऑफिसात, एकाच खुर्चीवर, लोक तिचा मग उचलून त्यात कॉफी पितात आणि न धुता ठेवून देतात, तरी ती कधी एक शब्द बोलली नाही. स्वतःचा मग स्वतः विसळायची. अशा माणसाला राग आला की तो कुठे ठेवायचा हेच त्याला कळत नाही. तिने तो फोनमध्ये ठेवला, आणि तिथून पुढचं सगळं घडलं.

ती शहराबाहेर गॉलरला राहायची आणि शहरात नॉरवुडच्या जाहिरात कंपनीत कामाला यायची. गाडीने जायला एक तास, यायला एक तास. त्या दोन तासांत ती पॉडकास्ट ऐकायची. दर शुक्रवारी दुपारी कंपनीतर्फे शहरातल्या सहाशे मार्केटिंगवाल्यांना तिने केलेली एक यादी जायची: या आठवड्यात ऐकावेत असे दहा पॉडकास्ट. प्रत्येकाखाली दोन ओळी. अमुक मिनिटापासून ऐका, आधीची वीस मिनिटं नुसतं हसणं-खिदळणं आहे. तमुक बाई साबणाबद्दल खरं बोलते, पुढचे दोघे नाकाने कांदे सोलतात. शिवाय प्रत्येकातला चांगला तुकडा कापून ती यादीतच जोडायची, म्हणजे लोकांनी बटण दाबलं की झालं. ऐकताना सुचेल ते गाडीतच फोनवर बोलून ठेवायचं आणि शुक्रवारी बसून लिहून काढायचं, ही तिची पद्धत. ऐकायची ती साध्या वेगाने. बाकीचं ऑफिस दुप्पट वेगाने ऐकायचं. म्हणजे ऐकायचं असं म्हणायचं.

यादीच्या तळाशी पूर्वी लिहिलेलं असायचं, 'निवड: मेरिलिन जेश्के.' तीन वर्षांपूर्वी ब्रेडन किट्टो साहेब म्हणून आला. वय छत्तीस, पांढरे बूट, मोजे नाहीत. पहिल्याच महिन्यात म्हणाला, "मेझ, यादीला एक चेहरा हवा गं. तुला चालेल ना?" तिला मेझ म्हटलेलंही चालत नव्हतं. पण ती म्हणाली, "बघ बाबा, तुला योग्य वाटेल तसं." दुसऱ्या शुक्रवारी तळाशी आलं, 'निवड: ब्रेडन किट्टो.' आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, फक्त नागोबा निदान बिळात राहतो तरी. याने त्या यादीतलं एकही मिनिट कधी ऐकलं नाही.

तेही तिने गिळलं. गिळलं नाही ते पुढचं.

तिचे वडील अर्विन जेश्के यांचा बरोसाच्या खोऱ्यात, एबेनेझर गावाला, द्राक्षमळा होता. हिवाळ्यात छाटणीला जाताना ते रेडिओ खांबाला टांगायचे. दोन्ही हातांत जाड मोजे, एका हातात कात्री, दुसऱ्या हातात वेल. मग जाहिरात लागली की बंद कोण करणार? म्हणून म्हातारा जाहिरातींना उलट उत्तरं द्यायचा. "रंग लाव तुझ्याच तोंडाला!" असं ओळींमधून ऐकू यायचं, आणि छोटी मेरिलिन फांद्या गोळा करताना हसून लोटपोट व्हायची. पुढे ती गावच्या रेडिओवर जाहिराती लिहायला लागली. तिची पहिली जाहिरात टायरच्या दुकानाची. त्या दुपारी वडील जेवायला आत आले, मेटवुर्स्ट सॉसेजचे काप पावावर ठेवले आणि म्हणाले, "मेरी, तुझं ते टायरचं ऐकलं. हात अडकलेल्या माणसाशी बोलायचं ना, तर काहीतरी बोलण्यासारखं घेऊन ये. त्याला तुला बंद करता येत नाही." बास. पुन्हा कधी या विषयावर बोलले नाहीत. तिने मात्र तीस वर्षं तेवढ्यावरच काम केलं.

ही गोष्ट तिने ऑफिसात एकदाच सांगितली होती, कुणाच्या तरी निरोपाच्या चहाला, हातात लॅमिंग्टन केकची बशी घेऊन. ब्रेडन समोर उभा होता. फोनमध्ये बघत होता असं तिला वाटलं होतं.

त्या आठवड्यात त्याने बजावलं, "मेझ, शुक्रवारच्या यादीत सात नंबरला माझी मुलाखत टाक. सिडनीच्या शोवर झाली ना, ती. छानसा तुकडा काप." गुरुवारी घरी जाताना गाडीत तिने ती मुलाखत लावली. अठ्ठाविसाव्या मिनिटाला ब्रेडनचा आवाज हळवा झाला. "माझे आजोबा," तो म्हणाला, "द्राक्षांचे मळेवाले होते. रेडिओ खांबाला टांगायचे. मला म्हणायचे, हात अडकलेल्या माणसाशी बोलायचं, तर काहीतरी बोलण्यासारखं घेऊन ये."

ब्रेडनचे आजोबा ग्लेनेलगला दातांचे डॉक्टर होते. अख्ख्या ऑफिसला माहीत होतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेप्स क्रॉसच्या चौकाअलीकडे तिने गाडी बाजूला घेतली, फोन उचलला आणि नऊ मिनिटं बोलली. आयुष्यात प्रथमच, न थांबता. मग तिने नाक पुसलं, जतन करताना नाव दिलं 'ब्रेडन', आणि घरी गेली. शुक्रवारी सकाळी कापलेल्या मुलाखतीच्या तुकड्याचं नावही तिने 'ब्रेडन'च ठेवलं. शुक्रवारी दुपारी घाईघाईत दहा तुकडे जोडताना सात नंबरला कुठला ब्रेडन गेला, हे तिला शनिवारी भांडी घासताना उमगलं.

हातातली कढई तशीच सोडून ती संगणकापाशी धावली. नोकरी गेलीच म्हणायची. वय अठ्ठावन्न, या धंद्यात तिला दुसरीकडे कोण उभं करणार? यादी किती जणांनी उघडली, काय किती वेळ ऐकलं, हे आकडे तिला दिसायचे. दोनशे चाळीस जणांनी यादी उघडली होती. सात नंबर चार जणांनी लावला होता. सर्वांत जास्त ऐकणाऱ्याने अकरा सेकंद ऐकलं होतं. पहिले अकरा सेकंद ती नुसती रडत नाक ओढत होती.

गेलेल्या यादीतला तुकडा ऑफिसातूनच बदलता यायचा, म्हणून सोमवारी सकाळी ती लवकर आली. पण ब्रेडन आधीच हजर. "मेझ! सात नंबरने धमाल केली. सगळे लिहितायत मला. मनाला भिडलं म्हणे." पलीकडच्या टेबलावरची थाव, एरवी बरी मुलगी, तीही म्हणाली, "हो गं, सात नंबर मस्तच होता!"

"कुठला भाग आवडला तुला?" मेरिलिनने विचारलं.

"म्हणजे... एकूणच. तो प्रवास."

"पूर्ण ऐकलंस?"

"दुप्पट वेगाने. पण ऐकलं!"

मेरिलिन जागेवर जाऊन बसली. भीती गेली होती. तिच्या जागी आलेला राग गुरुवारच्यापेक्षा वाईट होता, कारण हा थंड होता. नऊ वर्षं. दर आठवड्याला दहा तास ऐकायचं, प्रत्येकाखाली दोन ओळींसाठी जीव काढायचा, कुठल्या मिनिटापासून ऐका ते सांगायचं. कुणासाठी? पालथ्या घड्यावर पाणी! ही माणसं ऐकत नव्हतीच, कधीच ऐकत नव्हती. त्यांना फक्त ऐकलंय असं सांगायचं होतं. बदलाच्या बटणावर तिचं बोट होतं. तिने ते काढून घेतलं आणि स्वतःचा मग धुवायला गेली. त्यात कुणाची तरी कॉफी वाळली होती.

बुधवारी शहरातल्या हॉटेलात मार्केटिंगवाल्यांची सकाळची न्याहारी होती, दर तीन महिन्यांनी असते ती. दोनशे माणसं, गोल टेबलं, पोच्ड अंडी. ब्रेडन मंचावर, विषय: 'मी काय ऐकतो.' मेरिलिन आणि थाव मागच्या टेबलावर. ब्रेडनच्या एका हातात माइक, दुसऱ्या हातात पडद्यावरची चित्रं बदलायचं यंत्र. दहा मिनिटं बोलून तो म्हणाला, "माझ्या यादीतला सात नंबर तुमच्यापैकी कितीजणांनी ऐकला?"

निम्मे हात वर गेले. मेरिलिनने ते मोजले नाहीत, पण एकेक चेहरा पाहून ठेवला.

"मग पुन्हा ऐकूया थोडं. माझ्या आजोबांबद्दल आहे. ध्वनीवाले भाऊ, लावा!"

अजून वेळ होता. तिला उठता आलं असतं, ओरडता आलं असतं. तिने अंड्यावर मीठ टाकलं.

आधी नाक ओढल्याचा आवाज आला. मग सगळ्या भिंतींतून तिचा आवाज: "तुझे आजोबा दात उपटायचे रे, चोरा! तो मळा माझ्या बापाचा. अर्विन जेश्के त्याचं नाव. एबेनेझरला, बारा ओळी शिराझ द्राक्षांच्या. थंडीने त्याची बोटं फुटायची, मोज्यांच्या आत रक्त यायचं, आणि तू बिनमोज्यांच्या पायांनी त्याचं वाक्य विकतोस?"

ब्रेडन ध्वनीवाल्याला थांबवायला हात हलवू लागला, पण दोन्ही हात भरलेले. यंत्राचं बटण दाबलं गेलं आणि मागे पडद्यावर त्याचंच हसरं चित्र मोठं होऊन आलं. ध्वनीवाला त्याच्याकडे बघतच नव्हता. कपाळाला आठ्या घालून तो ऐकत होता. अख्ख्या दालनात काटा वाजत नव्हता. लोकांच्या हातांत सुऱ्या होत्या, काटे होते, आणि बंद कुणालाच करता येत नव्हतं. साध्या वेगाने ऐकावं लागत होतं.

नवव्या मिनिटाला तिचा आवाज दमला. "नऊ वर्षं मी तुमच्यासाठी ऐकतेय," तो आवाज म्हणाला. "एकदा तरी कुणी माझं ऐकलंय? जाऊ दे. हे तरी कोण ऐकणार आहे म्हणा."

मग गाडी सुरू झाल्याचा आवाज, आणि संपलं.

थावने टेबलाखाली मेरिलिनचा हात धरला होता. कधी धरला ते तिला कळलं नाही. मंचावर ब्रेडनचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. माइक अजून तोंडाशीच होता, म्हणून तो हळू बोलला तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"मेरिलिन," तो म्हणाला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याने पूर्ण नाव घेतलं. "तुला काही त्रास होता, तर मला आधी सांगायचं तरी होतंस."

मेरिलिन उभी राहिली. तिला माइक लागला नाही.

"सांगितलं होतं की," ती म्हणाली. "शुक्रवारी. सात नंबरला."