वामनरावांचे गुलमोहर

आमच्या नगरपालिकेचे हेडक्लार्क वामनराव वैशाखातही कोटाची सगळी बटणं लावून बसत. घाम आला तर तो हवामानाचा गैरशिस्तपणा. कुणी काही गाऱ्हाणं घेऊन आलं की विचारत, "लेखी आहे का?" नसलं, तर ते गाऱ्हाणंच नसे. मी त्यांच्या हाताखाली टायपिस्ट होतो.

महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली असतील. मे महिन्यात मुंबईचे मंत्री नांदुऱ्याला आगगाडीतून उतरून मोटारीने आमच्या गावी येणार, असं हिवाळ्यातच कळलं. कचेरीच्या रस्त्यावरचे बारा गुलमोहर त्या दिवशी फुललेले हवेत, असं वामनरावांनी ठरवलं आणि झाडांना रोज पाणी घालण्याचा हुकूम काढला. चैत्रात विहिरींनी तळ गाठला. बायका घागरी घेऊन रांगेत उभ्या, आणि पाण्याची बैलगाडी त्यांच्या देखत झाडांकडे जाई.

माळी तुळशीराम भीतभीत म्हणाला, "साहेब, गुलमोहराले तान पडू द्या लागते. पानी देसान तं निरा पालाच येईन."

"तू मॅट्रिक आहेस का?" वामनरावांनी विचारलं. तो नव्हता. विषय संपला.

मंत्री आले तेव्हा आमचे गुलमोहर मेथीच्या वाफ्यासारखे हिरवेगार होते. कापसाच्या जिनिंग कारखान्यामागच्या उकिरड्यावरचा, कुणी कधी थेंबभर पाणी न दिलेला गुलमोहर मात्र लालभडक झाला होता. मंत्र्यांनी मोटार थांबवून नेमकं त्याचंच कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी वामनरावांनी मेमो सांगितला: माळ्याने पाणी घालण्यात हयगय केल्यामुळे बहर आला नाही. टाईप मीच केला. तुळशीरामला वाचता येत नव्हतं, म्हणून वाचूनही मीच दाखवला. तो म्हणाला, "मी रोज पानी टाकलं. तुमी पाह्यलं ना, बाबू? एवढंच लिहा खाली."

मी वामनरावांच्या खोलीकडे पाहिलं आणि टाईपरायटरवर कव्हर घातलं. आठवड्याभरात त्याला कामावरून काढलं. तो धाड गावी, भावाच्या शेतात राबायला गेला.

त्याच्या जागी कुणाला नेमलं नाही, त्यामुळे पुढच्या उन्हाळ्यात झाडांना कुणी पाणीच घातलं नाही. मे महिन्यात बाराही गुलमोहर असे फुलले की पान दिसेना. वामनराव आम्हां सगळ्यांना घेऊन रस्त्यावर आले. बराच वेळ वर बघत राहिले.

"पाहिलंत?" ते म्हणाले. "एका मेमोत झाडं वठणीवर आली."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.