वाकड्यात भरलेल्या चाळीस कॅसेट

माझी मावशी गेली तीन वर्षं दुपारच्या दोन तासांवर जगते आहे. रात्रीची झोप सरांची कूस बदलण्यात जाते. म्हणून भांडी आवरली की ती त्यांच्यासमोर टीव्ही लावते, व्हिडिओ रेकॉर्डरमध्ये कॅसेट सरकवते आणि आडवी होते. सर म्हणजे तिचे यजमान. शिकवण्या घ्यायचे, त्यामुळे गल्लीचे सर झाले आणि पुढे घरातही तेच नाव पडलं. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली, बोलणं तर पारच गेलं. उरल्या त्या त्यांनीच हौसेने, कॅमेरा जोडून याच रेकॉर्डरवर भरलेल्या स्वतःच्या गणिताच्या तासांच्या चाळीस कॅसेट. त्या बघताना सर शांत बसतात.

गेल्या महिन्यात रेकॉर्डर कॅसेट गिळून बसला. सर दुपारभर डाव्या हाताने पेला टेबलावर आपटू लागले. आठ दिवसांत मावशीचे डोळे खोल गेले.

"मला त्यांचा आवाज नकोय रे," ती म्हणाली, "मला नुसतं पडू दे." आणि असं बोलल्याबद्दल स्वतःवरच चिडली.

मला धीर कुठला! 'डबा झालाय, फेकून दे' म्हणत मी जुन्या बाजारातून दुसरा रेकॉर्डर उचलून आणला. लावला, तर पडद्यावर नुसत्या रेघा आणि खरखर. मी विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत बसलो, मावशीने मुकाट्याने मेकॅनिकला बोलावलं. त्याने जुन्या यंत्रातून कॅसेट सोडवली, झिजलेला पट्टा बदलला.

"आत एक स्क्रू कुणीतरी भलताच फिरवला होता, वहिनी. तोही सरळ केला," तो म्हणाला. कॅसेट घातली. इथेही रेघाच.

मेकॅनिकचा चेहरा उतरला. "कुणी फिरवला होता हो तो?"

मावशीने सरांकडे बोट दाखवलं. सरांचा दुकानदारावर भरवसा नव्हता. यंत्र घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते उघडून आपल्या अकलेने 'सुधारलं' होतं.

"त्या स्क्रूने टेपची वाटच तिरकी झाली होती, म्हणजे सगळ्या कॅसेट वाकड्यात भरल्यात," मेकॅनिक म्हणाला. "त्या तितक्याच वाकड्या यंत्रावर दिसणार. दुसरं घ्या, नाहीतर हे दुरुस्त करा, रेघा काही जायच्या नाहीत."

"मग करा की परत वाकडं," मी म्हणालो.

"किती? मी बघितलंच नाही. सरळ करून मोकळा झालो."

मावशी खाली बसली. "न्या दोन्ही उचलून. माझ्यात आता त्राण नाही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

मेकॅनिकने सरांकडे पाहिलं. मग त्याने उघडं यंत्र चालू करून सरांजवळच्या स्टुलावर ठेवलं आणि त्यांच्या डाव्या हातात बारीक स्क्रूड्रायव्हर दिला. टोक स्क्रूवर त्यानेच बसवून दिलं. सर स्क्रू फिरवू लागले, पण नजर पडद्यावरून हलली नाही. थोडं पुढे, किंचित मागे. टोक निसटलं, मेकॅनिकने परत बसवलं. असं अर्धा तास चाललं. मग रेघा खाली सरकल्या, फळा दिसला आणि त्याच्यापुढे काळ्याभोर केसांचे सर.

"इकडे लक्ष द्या!" ते खणखणीत आवाजात म्हणाले.

"मावशी, जमलं!" मी वळलो. ती बसल्या जागी झोपली होती. मान कलंडलेली, तोंड किंचित उघडं, चष्मा नाकावरून घसरलेला. मी तिला उठवायला निघालो तर सरांनी माझी बाही घट्ट धरली. मग रिमोट घेतला आणि स्वतःचा आवाज हळूहळू कमी करत पार बंद केला.

मेकॅनिक हत्यारं न वाजवता पिशवीत भरू लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन वर्षं आम्ही सगळे धरून चाललो होतो, की या माणसाला आपल्या आवाजापलीकडे कशाचंच भान उरलेलं नाही.